लांबला की लांबवला?

जून सरत आला की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेड-कर्जतकडचा शेतकरी ‘पाऊस लांबला’ म्हणतो, तेव्हा पाऊस आलेलाच नसतो. ऑक्टोबरात तो पुन्हा हेच म्हणतो, तेव्हा पाऊस जायचं नाव घेत नसतो. काढलेलं सोयाबीन भिजत असतं आणि ज्वारीच्या पेरणीला वाफसा मिळत नसतो. एकदा आरंभ पुढे गेलेला, एकदा शेवट. ‘बैठक लांबली’ हेही तसंच: ती पुढच्या सोमवारवर गेली की संध्याकाळपर्यंत चालली, हे संदर्भावरूनच कळायचं. पण पावसाबाबत घोटाळा होत नाही, महिनाच अर्थ सांगतो.

‘लांबणे’ अकर्मक आहे. सावली लांबते, पाऊस लांबतो. कुणी करत नाही, आपोआप होतं. ‘लांबवणे’ म्हटलं की करणारा आलाच. चोरीच्या बातमीत ‘मंगळसूत्र लांबलं’ असं कुणी लिहीत नाही, ‘लांबवलं’ असंच लिहितात! मग सरकारी कामाच्या बातमीत मात्र हमखास ‘लांबलं’ का? प्रवरा नदीवरच्या निळवंडे धरण प्रकल्पाचा विचार १९७० साली पुढे आला. त्याच्या डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं २६ ऑक्टोबर २०२३ रोजी. तोवर खर्च ५,००० कोटींच्या पुढे गेला होता. त्रेपन्न वर्षांच्या या विलंबाला पावसाचं क्रियापद लावलं, की दिरंगाईही निसर्गनियमासारखी वाटू लागते.

यावर कुणी म्हणेल, ‘लांबवला’ हा आरोप झाला; तोही अन्यायच. धरणाला निधी लागतो, कालव्याला जमीन लागते आणि बुडणाऱ्या गावांनी आधी पुनर्वसन मागितलं तर त्यात गैर काय? आक्षेप रास्त आहे. विस्थापितांच्या हक्काच्या मागणीला तर विलंब म्हणूच नये. पण कारणं अनेक असली म्हणून ती अज्ञात ठरत नाहीत. निधी कोणत्या वर्षी दिला नाही, भूसंपादन कुठे अडलं, निर्णय कुणाच्या टेबलावर थांबला, हे नोंदीत सापडतं. कारण खरोखर ठाऊक नसेल तर ‘लांबला’ चालेल. ठाऊक असेल, तर वार्ताहरांनी क्रियापद बदलावं आणि कर्त्याचं नावही लिहावं.