चेहऱ्यावरचे वण आणि सुईचा उपचार

बंगळूर शहरातून सर्जापूर गावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आज संगणक-कंपन्यांच्या इमारती आणि उंच वसाहती उभ्या आहेत. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर या भागांतून नोकरीनिमित्त आलेली कितीतरी मराठी मुलेमुली तेथे राहतात. त्वचेच्या दवाखान्यांच्या पाट्या या वस्तीत जागोजागी दिसतात आणि त्यांवर 'मायक्रोनीडलिंग' हे नाव आढळते. पंचविशी उलटलेला एखादा तरुण अशा पाटीपुढे क्षणभर थांबतो. तारुण्यपीटिका, म्हणजेच मुरूम, केव्हाच गेले. पण त्यांनी गालांवर ठेवलेले खड्डे गेलेले नाहीत. घरी लग्नाची बोलणी चालू आहेत, छायाचित्र पाठवावयाचे आहे, आणि त्याच्या मनात एकच प्रश्न आहे : हे वण जातील का?

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे, की वण बहुधा जात नाहीत. ते कमी होतात. वरवर पाहता हा फरक लहान वाटतो. पण तो आधी समजला तर उपचाराचे समाधान लाभते, न समजला तर तोच उपचार फसवणूक वाटू लागतो.

त्वचेचा वरचा थर कागदासारखा पातळ असतो. त्याच्या खाली जाड, चिवट असा दुसरा थर असतो आणि तो कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंनी विणलेला असतो. मुरूम खोलवर सुजला, की ही वीण विसकटते. शरीर तेथे घाईघाईने रफू करते. परंतु तंतू पुरेसे पडले नाहीत, तर वरची त्वचा आत खचते आणि खड्डा कायम राहतो. काही ठिकाणी तर जखमेचे चिवट धागे त्वचेला खालून खेचून धरतात. मुरूम गेल्यावर उरणारे तांबूस वा काळपट डाग मात्र निराळे. ते रंगाचे असतात, खोलीचे नव्हेत. आणि उन्हापासून जपल्यास बहुधा काही महिन्यांत आपोआप फिके होतात. त्यांच्यासाठी सुया टोचून घेण्याची घाई करू नये.

सुईच्या उपचाराचे तत्त्व साधे आहे. बधिर करणारे मलम लावून, अतिशय बारीक सुया असलेले निर्जंतुक उपकरण त्वचेवर फिरवितात. वणांसाठी या सुया सामान्यतः दीड-दोन मिलिमीटर खोल जातात. असंख्य सूक्ष्म जखमा होतात, थोडे रक्त दिसते, आणि शरीर पुन्हा दुरुस्तीच्या कामाला लागते. म्हणजे सुई खड्डा भरीत नाही; तो भरण्याचे काम शरीराचे, सुई फक्त त्याला हाक मारते. १९९७ साली कॅनडातील कामिरां व दूसे यांनी गोंदण्याचे यंत्र शाईविना वणांवर वापरून पाहिले. पुढे दक्षिण आफ्रिकेतील डेस फर्नांडिस यांनी सुयांचे फिरते रूळ प्रचारात आणले.

भारतीयांच्या दृष्टीने या उपचाराचा एक विशेष लाभ आहे. सावळ्या त्वचेवर उष्णतेचे किंवा त्वचा सोलण्याचे उपचार केले, तर काळे डाग उमटण्याचे भय अधिक असते. साध्या सुईत उष्णता नसते आणि वरचा थर बहुतांशी शाबूत राहतो, म्हणून हे भय कमी होते. अर्थात ते पूर्णपणे नाहीसे होत नाही.

मग गुण किती येतो? श्रीनगरचे डॉ. इम्रान मजीद यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उपचार पुरा करणाऱ्या ३६ रुग्णांपैकी ३४ जणांचे वण एक किंवा दोन पायऱ्यांनी सौम्य झाले. या पायऱ्या चार आहेत. दुसऱ्या पायरीचे वण ५० सेंटिमीटर अंतरावरून, म्हणजे समोरासमोर बोलताना, सहसा जाणवत नाहीत. तिसऱ्या पायरीचे जाणवतात. चौथ्या पायरीचे तर त्वचा ताणली तरी सपाट होत नाहीत. एक पायरी उतरणे म्हणजे कोरी पाटी नव्हे. पण समोरच्या माणसाचे लक्ष वणांवरून डोळ्यांकडे वळणे, हा लाभ सामान्य नाही.

सर्वच वण सारखे दाद देत नाहीत. लाटांसारखे उथळ वण सर्वांत चांगले सुधारतात. देवीच्या वणांची आठवण करून देणारे, उभ्या कडांचे वण उथळ असतील तर बरेच सुधारतात. दाभणाने टोचल्यासारखे अरुंद, खोल वण मात्र सुईला फारसे बधत नाहीत. त्यांच्यासाठी तीव्र आम्लाचा थेंब नेमका खड्ड्यात लावणे, किंवा वण कापून टाका घालणे, असे उपाय आहेत. खालून खेचलेल्या वणांचे धागे आधी सोडवावे लागतात. एकाच चेहऱ्यावर तिन्ही प्रकार असू शकतात. म्हणून 'एकाच उपचारात सारे साफ' असे सांगणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे.

या कामी धीर हवा. साधारणपणे चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने तीन ते सहा वेळा उपचार घ्यावा लागतो. लाली व सूज दोन-चार दिवसांत उतरते. या सुजेमुळे पहिल्या आठवड्यात चेहरा भरल्यासारखा दिसतो; तो गुण नव्हे. कोलॅजेनची खरी वीण कित्येक महिने चालते. म्हणून पुढच्याच महिन्यात लग्न असेल, तर उपचार आत्ता सुरू न करणे हेच शहाणपण. आरशावर रोज विसंबण्यापेक्षा प्रारंभी, आणि पुढे काही महिन्यांनी, त्याच उजेडात व त्याच कोनातून छायाचित्र काढावे. खरा निवाडा तेच करते.

काही पथ्येही आहेत. नवे मुरूम येत असतील तर आधी ते आटोक्यात आणावेत. नाहीतर जुने वण भरताना नवे पडत राहतात. जखमेवर जाड गाठ येण्याची प्रवृत्ती असल्यास, ओठांवर जर येत असल्यास, किंवा मुरमांची औषधे चालू असल्यास ते डॉक्टरांना आधी सांगावे. बाजारातील रूळ आणून घरी हा प्रयोग करू नये, आणि एकाची सुई दुसऱ्याला कधीही वापरू नये. अस्वच्छ सुईने रोग जडतो, वेडावाकडा दाब पडल्यास नवाच वण उमटतो.

पाटीपुढे थांबलेल्या त्या तरुणाने आत अवश्य जावे. मात्र 'हे जातील का?' असे न विचारता, 'माझे वण कोणत्या प्रकारचे आहेत, आणि ते किती कमी होतील?' असे विचारावे. जो डॉक्टर या प्रश्नाचे उत्तर चेहरा उजेडात नीट पाहून, आणि आश्वासन थोडे कमीच देऊन देईल, त्याच्या हाती चेहरा सोपविण्यास हरकत नाही.