भरून पावलो

दिवाळीच्या दिवसांत आपण बायकामुलांसह हॉटेलात जातो, पोटभर खातो, बिल चुकते करतो आणि बडीशेप चघळीत घरी येतो. ज्याने ताट पुढे ठेवले, त्याचा पगार झाला की नाही, हा प्रश्न मला तरी कधी पडला नव्हता. तो माझ्या एका विद्यार्थ्यामुळे पडला.

सकाळी कॉलेज, संध्याकाळी हॉटेलात वेटरचे काम, असा त्याचा क्रम. तीन महिन्यांचे ४५,००० रुपये थकले, तेव्हा त्याने नोकरी सोडली आणि मालकाला लिहिलेला अर्ज शुद्धलेखनासाठी मजकडे आणला. ‘कृपा करून माझा पगार द्यावा, ही नम्र विनंती.’ ऱ्हस्वदीर्घ बिनचूक होते. मी ‘कृपा’ तेवढी खोडली. ती मागायला वर्गात मीच शिकवले होते!

मग आम्ही कायदा वाचला. पूर्वी असे दावे १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाखाली चालत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०१९ ची वेतन संहिता लागू झाली आहे. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा. नोकरी सोडली, तर कामाच्या २ दिवसांत हिशेब पुरा करायचा. दावा ३ वर्षांच्या आत करता येतो. पगार दिल्याचा पुरावा मालकाने द्यायचा असतो, आणि थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाईही होऊ शकते.

पण तेथे नोकरी केली, हे दाखवायचे कसे? नेमणुकीचा कागद नव्हता. अखेर मोबाइल कामी आला. आधीच्या पगारांची जमा आणि ‘उद्या लवकर ये’ असे मॅनेजरचे निरोप त्यात होते. दावा दाखल झाला.

लगेच मालकाचा निरोप आला, ‘निम्मे रोख घे आणि “भरून पावलो” असे लिहून दे.’

‘सर, करू सही? खोलीचे भाडे तुंबलंय.’

महिन्याच्या महिन्याला पगार मिळणाऱ्या मी त्याला काय सांगावे? भाड्याचे पैसे मी उसने दिले. त्याशिवाय ‘धीर धर’ म्हणण्याचा मला अधिकार नव्हता.

पहिल्याच सुनावणीला मालक दोन हप्त्यांत सारी रक्कम द्यायला कबूल झाला. पोराने सही केली ती दुसरा हप्ता हाती पडल्यावरच.

त्याच संध्याकाळी तो माझे उसने फेडायला आला.

‘पावती देऊ का रे?’ मी गमतीने विचारले.

‘द्या की, सर!’ तो गंभीरपणे म्हणाला.

मी पैसे मोजून घेतले आणि लिहून दिले, ‘भरून पावलो.’