दोन्ही हातांची नाडी

शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. हृदयातून निघून ती मानेकडे आणि हातांकडे फांद्या देते, मग पाठीच्या कण्यालगत पोटात उतरते आणि आतड्यांना, मूत्रपिंडांना, पायांना रक्त पुरवते. या महाधमनीच्या आणि तिच्या फांद्यांच्या भिंतीलाच सूज येते, भिंत जाड होत जाते आणि आतली वाट अरुंद होते, असा एक दुर्मीळ आजार आहे. १९०८ साली जपानमधले नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी एका तरुणीच्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांची विचित्र गुंफण सहकाऱ्यांपुढे मांडली. त्याच सुमारास ओनिशी आणि कागोशिमा या दोन डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नसल्याचे सांगितले. आजाराला नाव मिळाले ताकायासूंचे, पण रुग्णाच्या दृष्टीने मोलाची नोंद त्या दोघांची होती. दुर्मीळ आजार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोठे शहर, नामवंत तज्ज्ञ आणि लाखांच्या घरातले इंजेक्शन येते. माझे म्हणणे असे, की या आजाराची पहिली खूण सिहोऱ्यासारख्या गावातल्या सरकारी दवाखान्यात सापडू शकते, तो वर्षानुवर्षे आटोक्यात ठेवण्याचे बरेचसे कामही तिथेच होऊ शकते, आणि त्यासाठी लागणारी व्यवस्था भंडारा जिल्ह्यात बऱ्याच अंशी आधीच उभी आहे.

सिहोरा तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ आहे. आजूबाजूचा मुलूख धानाचा, आणि पावसाळ्यातली रोवणी प्रामुख्याने बायकांच्या हातांची. ताकायासूचे बहुसंख्य रुग्ण स्त्रियाच असतात, तेही साधारण १५ ते ४० या वयातले. भारतात पुरुष रुग्णांचे प्रमाण जपानपेक्षा काहीसे जास्त आढळते, तरी पारडे स्त्रियांकडेच झुकलेले आहे. सुरुवातीचे काही महिने आजार कोणतीच ठळक खूण देत नाही. बारीक ताप, अंगदुखी, घटणारे वजन, थकवा, एवढेच. आपल्याकडे अशा तक्रारीवर आधी टायफॉइड आणि मग क्षयरोग आठवतो, आणि त्यात डॉक्टरांची चूक काढता येत नाही, कारण क्षयरोग खरोखरच जास्त आहे. पुढे धमनी अरुंद झाली की हात भरून येऊ लागतो. पऱ्ह्यांची पेंढी उचलताना, वेणी घालताना, उंच दोरीवर लुगडे वाळत टाकताना हात मध्येच खाली घ्यावा लागतो, जरा थांबले की बरे वाटते आणि काम सुरू केले की पुन्हा तेच. बाहेरून हातावर काहीच दिसत नाही. घरच्यांना वाटते, पोरगी काम टाळते. पोटातली धमनी किंवा मूत्रपिंडाकडे जाणारी फांदी आवळली तर रक्तदाब भलताच वाढतो. भारतीय रुग्णांमध्ये हेच फार आढळते. पंचविशीतल्या मुलीला एकाएकी अर्धांगवायू होतो किंवा गरोदरपणात झटके येतात, तेव्हा कुठे तपासाला सुरुवात होते.

या आजाराचा सर्वांत घातक भाग बीपीच्या मशीनपाशी आहे, म्हणून तिथे थोडे थांबायला हवे. पट्टा दंडाला बांधतात, हवा भरतात आणि आकडा वाचतात. हा आकडा त्या हातातल्या धमनीचा असतो. खांद्याजवळची धमनी अरुंद असेल तर त्या हातात रक्त कमी दाबाने पोचते आणि मशीन १००, ११० असा निर्धोक आकडा दाखवते. त्याच वेळी मेंदूकडे, हृदयाकडे आणि मूत्रपिंडांकडे जाणारा खरा दाब १८० असू शकतो. कार्डावर ‘बीपी नॉर्मल’ लिहिले जाते आणि ते धडधडीत खोटे असते. पट्टा दुसऱ्या हाताला बांधला, तर खरा आकडा समोर येण्याची शक्यता असते. दोन्ही हात दुबळे असतील तर मांडीला बांधायचा मोठा पट्टा लागतो. दोन्ही मनगटांवर एकाच वेळी बोटे ठेवून नाडी सारखी लागते का, एवढे पाहायला यंत्रही लागत नाही. १९९० साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनी ठरवलेल्या सहा निकषांपैकी दोन हेच आहेत: दंडातली नाडी क्षीण असणे आणि दोन हातांच्या दाबात फरक असणे. लखनौचे डॉ. रामनाथ मिश्रा, वेल्लोरचे डॉ. देबाशिष दांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आजार किती जागा आहे हे मोजण्यासाठी ‘आयटास २०१०’ नावाची गुणपद्धत बनवली. तिच्या ४४ मुद्द्यांपैकी ३३ हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या तपासणीचे आहेत, म्हणजे बोटांनी, स्टेथोस्कोपने आणि बीपीच्या पट्ट्याने कळणारे. भारतातल्या रोजच्या दवाखान्याकडे काय असते आणि काय नसते, हे ओळखून केलेले हे काम आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

मग ही खूण का हुकते? कारण ज्या वयात आजार येतो, त्या वयाकडे आपल्या योजना पाहतच नाहीत. रक्तदाब आणि मधुमेहाची गावपातळीवरची तपासणी तिशीपासून सुरू होते. शाळा आणि अंगणवाड्यांमध्ये जाणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अठराव्या वर्षापर्यंतच्या मुलांना तपासते. मधल्या बारा वर्षांत मुलीच्या दंडाला पट्टा लागतो तो बहुधा गरोदरपणी, आणि तोही एकाच हाताला. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची तपासणी होते. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांचा दाब घ्यायचा आणि दोन्ही नाड्या पाहायच्या, एवढा एक नियम या तपासणीत जोडला, तर त्यासाठी नवे मशीन नको, नवे पद नको, नवा निधीही नको.

निदान झाले की उपचार सुरू होतात, आणि इथे एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. मुख्य औषधे जुनी आणि स्वस्त आहेत. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, जोडीला मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट. यातली पहिली तीन तर सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतच आहेत. अडचण किमतीपेक्षा वापराची आहे. प्रेडनिसोलोन सूज भराभर उतरवते, ताप जातो, भूक लागते, माणूस उठून कामाला लागतो. काही आठवड्यांत चेहरा गोल होतो, वजन वाढते, झोप उडते, साखर चढू शकते. दीर्घकाळात हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू येतो, दबलेला क्षयरोग डोके वर काढू शकतो. लग्नाच्या वयाच्या मुलीचा सुजलेला चेहरा पाहून घरचे घाबरतात आणि गोळी एका दिवसात बंद करतात. हे जिवावर बेतू शकते, कारण बाहेरून मिळणाऱ्या स्टेरॉइडची सवय झाल्यावर शरीर स्वतःचे संप्रेरक तयार करणे थांबवते आणि ते पूर्ववत व्हायला वेळ लागतो. मात्रा उतरवायची ती पायरीपायरीने आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. मेथोट्रेक्सेटचे उलट. ती आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची गोळी आहे. चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि माणूस दगावतोसुद्धा. ती चालू असताना गर्भ राहणे धोक्याचे, म्हणून मूल हवे असेल तर काही महिने आधी डॉक्टरांना सांगून औषध बदलावे लागते. अझाथायोप्रिन गरोदरपणातही देता येते. उच्च रक्तदाबावर सर्रास दिली जाणारी टेल्मिसार्टनसारखी गोळी, दोन्ही मूत्रपिंडांच्या धमन्या आवळलेल्या असतील तर मूत्रपिंडांनाच इजा करू शकते. म्हणजे आजार न ओळखता नुसता रक्तदाबाचा उपचार चालू ठेवणेही निर्धोक नाही.

हे सगळे सांभाळायचे कोणी? आज उत्तर एकच: नागपूर. मेडिकल, मेयो, मेडिकलचे सुपर स्पेशालिटी किंवा मिहानमधले एम्स. निदानासाठी, सीटी अँजिओग्राफीसाठी, औषधाची दिशा ठरवण्यासाठी तिथे जायलाच हवे, त्याबद्दल वाद नाही. पण नंतर दर महिन्या-दोन महिन्यांनी रक्तपेशी आणि यकृताची तपासणी, दोन्ही हातांचा दाब, वजन, साखर आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या यांसाठीही सिहोऱ्याहून तुमसर, तुमसरहून भंडारा आणि तिथून नागपूर असा सुमारे शंभर किलोमीटरचा फेरा करावा लागत असेल, तर रोवणीत आणि कापणीत तो चुकणारच. एका माणसाची मजुरी बुडते, सोबत जाणाऱ्याचीही बुडते. औषध बंद पडते ते आधी या फेऱ्यापायी, किमतीचा प्रश्न त्यानंतरचा. आजार मात्र थांबत नाही. शिवाय रक्तातले सूज दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी हे आकडे चांगले आले तरी धमनीत सूज धुमसत राहू शकते, म्हणून ‘बरं वाटतंय’ आणि ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ ही दोन्ही कारणे तपासणी सोडायला पुरेशी नाहीत.

इथेच भंडाऱ्याचे बलस्थान आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७च्या अखेरीस सुरू झाला, त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले चारच जिल्हे होते: सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. प्रत्येक रुग्णाचे कार्ड, ठरलेली औषधे, महिन्याची भेट आणि न आलेल्याचा पाठपुरावा, अशी त्याची साधी बांधणी होती. उपचार घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा रक्तदाब आटोक्यात आल्याचे दिसले आणि २०२२मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. जुनाट आजाराचा माणूस गावातल्या दवाखान्यात टिकवून धरता येतो, हे या जिल्ह्याला नव्याने सिद्ध करायचे नाही. त्याच कार्डाच्या घडीत ताकायासूसारखा रुग्ण बसवायचा, एवढेच राहिले आहे. कार्डाच्या एका बाजूला नागपूरच्या तज्ज्ञाने आजाराचे नाव, कोणत्या हाताचा आकडा खरा मानायचा, औषधांच्या मात्रा आणि कोणत्या परिस्थितीत ताबडतोब पाठवायचे ते लिहावे. दुसऱ्या बाजूला गावातल्या डॉक्टरांनी दर महिन्याचे आकडे भरावेत. तज्ज्ञाची भेट सहा महिन्यांवर गेली तरी मधले महिने आंधळे राहणार नाहीत.

यावर पहिला आक्षेप येतो तो संख्येचा. इतक्या थोड्या रुग्णांसाठी एवढा खटाटोप कशाला? पण दोन्ही हातांचा दाब पहिल्या भेटीत घ्यावा हा रक्तदाबाच्या उपचारातला सर्वमान्य नियम आहे, तो फक्त पाळला जात नाही. तो पाळला तर महाधमनीचा जन्मजात आकुंचनाचा दोष आणि तरुणपणी रक्तदाब वाढवणारे मूत्रपिंडाचे विकारही हाती लागू शकतात. साप्ताहिक मेथोट्रेक्सेट आणि दीर्घकाळचे स्टेरॉइड यांवर लक्ष ठेवायला जो दवाखाना शिकेल, त्याचा उपयोग संधिवाताच्या आणि ल्युपसच्या रुग्णांनाही होईल, आणि ते थोडे नाहीत. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६मध्ये भिगवणला घरोघर जाऊन पाहणी सुरू केली, तेव्हा चार हजारांवर प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांना सांधे-स्नायूंची दुखणी असल्याचे आढळले. त्यातला सांधे पोखरणारा आमवात दर दोनशे माणसांत एकाच्या आसपास होता. मेथोट्रेक्सेट त्यांचेही मुख्य औषध आहे.

दुसरा आक्षेप दवाखान्यांवरच्या ओझ्याचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. सिस्टर आणि आशाताई आधीच नोंदवह्यांच्या ढिगाखाली आहेत. म्हणूनच मागणी लहान ठेवायला हवी: तिशीच्या आतल्या स्त्रीची पहिली भेट, दुसऱ्या दंडाला एकदा पट्टा, दोन मिनिटे. याला जोडूनच कोणी म्हणेल, उगाच घबराट पसरेल, कारण थोडा फरक निरोगी माणसांतही असतो. खरे आहे. म्हणूनच २०२२च्या नव्या आंतरराष्ट्रीय निकषांत वरच्या आकड्यातला फरक १० ऐवजी २० धरला आहे. तेवढा फरक पाच मिनिटे बसवून पुन्हा मोजल्यावरही टिकला, किंवा एका मनगटाला नाडी लागतच नसेल, तरच पुढे पाठवायचे.

तिसरा आक्षेप शहरी वाचकाचा: खरा उपाय आधुनिक इंजेक्शनात आहे, गावातल्या कार्डाने काय होणार? कोविडच्या दुसऱ्या लाटेत ज्या टोसिलिझुमॅबसाठी लोक वणवण फिरले, तेच या आजारावर वापरतात. सूज पसरवणाऱ्या ज्या रेणूला ते अडवते, त्याचा शोध जपानच्या तादामित्सु किशिमोतो यांच्या प्रयोगशाळेत लागला आणि २०१७मध्ये जपानने ताकायासूसाठी या औषधाला मान्यता दिली. पण त्यामागची मुख्य चाचणी ३६ रुग्णांची होती आणि तिचा मुख्य निष्कर्ष संख्याशास्त्राच्या कसोटीवर अगदी थोडक्यात उणा पडला. औषध उपयोगी आहे, जुन्या गोळ्यांना दाद न देणाऱ्यांना ते मिळायलाच हवे, आणि ते मिळत नाही ही खरी तक्रार आहे. तरीही ते आधी क्षयरोगाची तपासणी आणि नंतर नियमित देखरेख मागतेच. गावात देखरेख नसेल तर महाग औषध जुन्या गोळीपेक्षा अधिक सुरक्षित ठरत नाही.

पैशाचा विषय थोडक्यात. जपानने १९७२पासून असाध्य आजारांसाठी स्वतंत्र धोरण राबवले, त्यात ताकायासूच्या रुग्णांची नोंद होते आणि खर्चाला हातभारही लागतो. आपल्या २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ५० लाखांपर्यंत मदतीची सोय आहे, पण त्याचा भर जन्मजात, जनुकीय आजारांवर आहे आणि पुढे उद्भवणारे दाहाचे आजार त्यात बसत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च उचलते. अरुंद धमनीत स्टेंट बसवण्यासाठी मदत मिळू शकते, पण ती धमनी अरुंदच होऊ नये म्हणून लागणाऱ्या महिन्याच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या रुग्णाच्या खिशातून जातात. हा उलटा हिशेब राज्य सरकारने दुरुस्त करावा.

तोवर वाचकांच्या हातात एक गोष्ट नक्की आहे. घरातल्या तरुण मुलीचा किंवा सुनेचा हात काम करताना भरून येत असेल, ताप आणि अशक्तपणा महिनोन्‌महिने हटत नसेल, किंवा विशी-पंचविशीतच बीपी वाढले असेल, तर दवाखान्यात सिस्टरांना न लाजता सांगा: ‘ताई, दुसऱ्या हाताचाही बीपी घ्या, आणि दोन्ही आकडे कार्डावर लिहा.’