सिग्नल दुसऱ्याचा, पैसा आपला! किती लॉट घ्यायचे, याचा हिशेब आधी करा

कारेगाव (ता. शिरूर) : रांजणगाव एमआयडीसीतला पगार खात्यावर जमा झाला किंवा कांद्याची पट्टी हातात आली, की मोबाईलवरचे ‘डॉलर घ्या’, ‘सोनं विका’ असे सिग्नल जास्तच खुणावतात. सिग्नल बघून सौदा टाकणारा विचारतो, “हा सिग्नल लागेल का?” पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. नाही लागला, तर आपले किती जातील?

डोस रानाप्रमाणे

शेजाऱ्याने पाच एकर उसाला जेवढं खत टाकलं, तेवढंच कुणी आपल्या दहा गुंठ्यात ओतत नाही. सिग्नलचंही तसंच आहे. देणाऱ्याचं भांडवल १० लाख आणि आपलं ५० हजार असेल, तर त्याचे १० लॉट आपल्याला झेपत नाहीत.

एक्सचेंजवर डॉलर-रुपयाचा एक लॉट १,००० डॉलरचा असतो. म्हणजे भाव १० पैसे हलला, की एका लॉटमागे १०० रुपये इकडचे तिकडे. भाव उलटा गेल्यावर जिथे तोटा घेऊन सौदा बंद करायचा, तो स्टॉपलॉस. तो २० पैशांवर असेल तर एका लॉटला २०० रुपये आणि १० लॉटला २,००० रुपये तोटा. दहा लाखवाल्याचा हा ०.२ टक्के, पन्नास हजारवाल्याचा तब्बल ४ टक्के. असे लागोपाठ १० सिग्नल चुकले तर २० हजार गेले. उरलेल्या ३० हजारांचे पुन्हा ५० करायला ६७ टक्के नफा लागतो.

साधा हिशेब

एका सौद्यात भांडवलाच्या १ टक्क्यापेक्षा जास्त घालवायचं नाही, असं आधी ठरवा. ५० हजारांचा १ टक्का म्हणजे ५०० रुपये. त्याला एका लॉटच्या २०० रुपये तोट्याने भागा. उत्तर अडीच, म्हणजे लॉट दोनच. वर जायचं नाही. आता तेच १० सिग्नल चुकले तरी २० हजारांऐवजी ४ हजार जातात.

भांडवल १५ हजारच असेल तर १ टक्का १५० रुपये. एक लॉटही बसत नाही. मग तो सिग्नल सोडून द्यायचा.

शिफ्टमध्ये मोबाईल बघायला उशीर झाला आणि भाव १० पैसे पुढे गेला, तर स्टॉपलॉस २० ऐवजी ३० पैसे लांब पडतो. लॉटला ३०० रुपये तोटा, म्हणजे ५०० रुपयांत एकच लॉट. उशीर झाला की लॉट कमी करा. भाव एकदम उडी मारून गेला तर स्टॉपलॉसपेक्षाही जास्त तोटा होतो, तेही धरून चाला.

त्याहून मोठा धोका

फोनवरची परदेशी ॲप १:५०० लिव्हरेज देतात. म्हणजे १०० रुपयांवर ५० हजारांचा सौदा. भाव ०.२ टक्के उलटा गेला की ते १०० संपले.

मुळात फेमा कायद्यानुसार अशा ॲपवर फॉरेक्स सौदे करणं बेकायदा आहे. रिझर्व्ह बँकेने ७ सप्टेंबर २०२२ रोजी परवानगी नसलेल्या ॲप-संस्थांची यादी जाहीर केली, त्यात ऑक्टाएफएक्सचं नाव होतं. पुण्याच्या शिवाजीनगर पोलीस ठाण्यातल्या गुन्ह्यावरून ईडीने त्याची चौकशी केली. एक्सचेंजवरही ३ मे २०२४ पासून रुपयाचे सौदे आयात-निर्यातीसारखा खरा परकीय चलनाचा व्यवहार असणाऱ्यांनाच आहेत. त्यामुळे पगारदार किंवा शेतकऱ्याने नुसता सिग्नल बघून डॉलरच्या वाटेला जायचं कारणच नाही.

शेअरच्या टिपांना मात्र वरचंच गणित लागू आहे. टीप देणारा सेबीकडे नोंदलेला आहे का, हे सेबीच्या वेबसाईटवर दिसतं. सेबीच्याच अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या १०० पैकी ९३ जणांचा तोटा झाला.

फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. जेवढा उशीर, तेवढे पैसे परत मिळणं अवघड. आणि बियाण्याचे, फीचे, हप्त्याचे पैसे एक टक्क्याच्या हिशेबातसुद्धा धरू नका.