जुन्या मोटारीचे नोझल

आमच्या बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात जुनी मोटार ही चैनीची वस्तू नव्हे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील खेड्यांत दहा-पंधरा वर्षे वापरलेली एखादी जीप, सुमो, बोलेरो किंवा स्विफ्ट कर्ज काढून घेतली जाते. मग तीच तुरीची पोती बाजारात नेते, लग्नाचे वऱ्हाड वाहते आणि रात्री-अपरात्री अडलेल्या बाईला दवाखान्यात पोहोचविते. अशी मोटार दारात बंद पडून राहिली, म्हणजे घरातील कर्त्या माणसाने अंथरूण धरल्यासारखेच होते. तिच्या दुखण्याचे जे नाव आमच्या कानी वारंवार येते ते हे की, "इंजेक्टर गेले, चारही बदलावे लागतील."

आमच्या परिचयाच्या एका शिक्षकांस गेल्या पावसाळ्यात एका गॅरेजात हेच सांगण्यात आले. खर्चाचा आकडा ऐकून त्यांनी गाडी विकण्याचाच विचार चालविला होता. सुदैवाने ती त्यांनी दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रीस दाखविली. त्याने इंजिनास हात लावण्यापूर्वी डिझेल-फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल केला, तो अर्धा पेला पाणी बाहेर आले! टाकी धुतली, फिल्टर नवा घातला, नोझले तपासून घेतली. चारांपैकी एकच निकामी निघाले. हे ऐकल्यावर आम्हांस वाटले की, या विषयाची थोडी माहिती आपल्या घराघरांत असणे बरे.

इंजेक्टरचे काम तरी काय? इंधनाचे बारीक तुषार करून ते नेमक्या क्षणी इंजिनात सोडणे, एवढेच. परंतु यातील नेमकेपणा मोठा नवलाचा आहे. समजा, चार सिलिंडरांची डिझेल मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे, इंजिनाचे फेरे मिनिटाला २,००० आहेत आणि ती लिटरमागे १५ किलोमीटर जाते. म्हणजे तासाला ४ लिटर डिझेल लागले. तेवढ्या वेळात चार इंजेक्टर मिळून २,४०,००० वेळा उघडतात नि मिटतात. भागाकार करून पाहावा: दर वेळी जे डिझेल आत जाते ते पाण्याच्या एका थेंबाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतके! एवढ्याशा डिझेलाचे पुन्हा धुके व्हावयास हवे.

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालले, त्या वेळी इंधन दाबाच्या हवेने आत फुंकावे लागे. हवा दाबणारे ते अवजड यंत्र मोटारीत कोठून मावणार? १९२७ साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याने डिझेलच दाबून पाठविणारा आटोपशीर पंप विक्रीसाठी तयार करण्यास आरंभ केला आणि रस्त्यावरील वाहनांची वाट मोकळी झाली. १९५१ साली आपल्याच राज्यात, बंगळूर येथे 'मायको' कंपनी स्थापन झाली व असे पंप आणि नोझले देशात होऊ लागली. नाशिकच्या सातपूर वसाहतीतही तिचा कारखाना उभा राहिला. २००८ साली कंपनीचे नाव 'बॉश लिमिटेड' झाले. तरी आमच्याकडील जुने मिस्त्री अद्याप 'मायकोचे नोझल' असेच म्हणतात.

या नोझलात एक पोलादी सुई असते. सुई आणि तिचे घर ही कारखान्यात एकमेकांशी जुळवून घासलेली जोडी होय. दोहोंमधील फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागांइतकीच असते. माणसाचा केस त्या फटीच्या कितीतरी पट जाड! एकीची सुई दुसरीच्या घरात घालून चालत नाही, ते याचमुळे. आणि आपल्या काळ्या रानातील धूळ, डब्यातून आणलेल्या डिझेलातील कचरा, पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत जमणारा दमटपणा हे सुईचे खरे वैरी. डिझेल हेच तिचे वंगण आहे. त्यात स्वस्ताईसाठी रॉकेल मिसळणे म्हणजे सुई कोरडी घासविणे.

गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही, काळा किंवा पांढरा धूर सोडते, ठोकते, चढावर दम टाकते, ही लक्षणे नोझलाची खरी. पण एकट्या नोझलाची नव्हेत. हवेचा फिल्टर तुंबला तरी धूर काळा होतो. बॅटरी मंदावली, हीटर प्लग जळाला किंवा नळीने हवा पकडली, तरी गाडी पहाटे रुसते. म्हणून आधी या अल्पखर्चाच्या गोष्टी पाहाव्यात. जुन्या पद्धतीच्या पंपाच्या इंजिनात मिस्त्री गाडी चालू ठेवून एकेका नळीचा नट किंचित सैल करतो. नट सैल करूनही ज्या सिलिंडरामुळे इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मुळातच काम करीत नव्हता असे समजावे.

मग संशयित नोझल टेस्टरवर लावून घ्यावे. हे काम मालकाने स्वतः उभे राहून पाहण्याजोगे आहे. मिस्त्री हाताने दांडा दाबतो, घड्याळाचा काटा चढतो. जुन्या जातीच्या इंजिनांत नोझल सव्वाशे ते दोन-अडीचशे बार दाबास उघडते. (मोटारीच्या चाकात जेमतेम २ बार हवा असते!) चांगले नोझल करकर आवाज करीत धुके सोडते आणि लगेच कोरडे होते. बिघडलेले धार मारते वा लाळ गाळते. लाळ गाळणाऱ्या नोझलाकडे दुर्लक्ष केल्यास पिस्टनला भोक पडू शकते. म्हणजे शंभराचे दुखणे हजारांवर जाते. अशा वेळी पुष्कळदा सबंध इंजेक्टर नव्हे, तर केवळ टोकाचे नोझल बदलून व दाब पुन्हा बसवून काम भागते.

उतरविण्यापूर्वी सभोवारची माती धुऊन काढावी आणि उघड्या नळ्यांस लागलीच टोप्या घालाव्यात. बुडाचा तांब्याचा वॉशर दर वेळी नवा घालावा. जुना भोकातच चिकटून राहिला व त्यावर दुसरा बसला तर नोझल वर राहते.

२००७ नंतरची डिझेल स्विफ्ट किंवा तशाच 'कॉमन रेल' जातीच्या गाड्यांचे शास्त्र मात्र निराळे. तेथे दाब हजार बारच्या पलीकडे जातो. इंजिन चालू असता तेथील नट सैल करणे हा जिवाशी खेळ आहे. ती सुईसारखी धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही, पण आतील मांस सडू लागते. तास दोन तासांतच शस्त्रक्रिया करणारा दवाखाना गाठला नाही, तर बोट वा हात गमवावा लागतो. गळती हाताने कधीही शोधू नये. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा. आमच्या गॅरेजांतून कोवळी पोरे हाताखाली काम करतात. त्यांच्या मालकांनी हे त्यांस पहिल्याच दिवशी सांगावयास हवे.

या गाड्यांतही तपासणीचा सोपा मार्ग आहे. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीस सारखी बाटली लावून इंजिन काही मिनिटे चालवितात. ज्याची बाटली इतरांहून फार भरते तो झिजलेला. नवा घातल्यावर त्याच्या माथ्यावरील सांकेतिक अक्षरे बहुतेक गाड्यांत संगणकास कळवावी लागतात. हे उपकरण ज्याच्यापाशी नाही, त्याच्याकडे हे काम देऊ नये.

पेट्रोल गाड्यांचे सांगणे थोडके. मारुतीच्या लहान गाड्यांत २००० सालच्या सुमारास कार्बुरेटर जाऊन इंजेक्टर आले. तेथे दाब साधारण ३ बार. इंजेक्टर बहुधा तुंबतात, मरत नाहीत. ध्वनिलहरींच्या यंत्रात धुऊन आणि रबरी कड्या नव्या घालून ते पुष्कळदा पूर्ववत होतात. २०२५ पासून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येत असल्यामुळे जुन्या रबराकडे अधिक लक्ष असावे.

काम झाल्यावर बिल व काढलेले जुने भाग दोन्ही मागून घ्यावेत. प्रामाणिक मिस्त्रीस त्याचा राग येत नाही. पहिले आठ दिवस दर सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी तेलाची पट्टी काढून पाहावी. तेलाची पातळी वाढलेली दिसली आणि त्यास डिझेलचा वास आला, तर नोझल अद्याप गळते आहे. तेल त्यामुळे पातळ होते आणि बेअरिंगे जातात. तेव्हा गाडी तेथेच उभी ठेवून मिस्त्रीसच घरी बोलवावे.