स्वादुपिंडाचा जुनाट दाह

घरात कोणी पोट दुखते म्हटले की ओवा नाहीतर हिंग पुढे करावयाचा, ही आपल्याकडील जुनी रीत आहे; आणि बहुतेक वेळी तेवढ्याने भागतेही. परंतु जेवणानंतर वरच्या पोटात कळ उठून ती पाठीपर्यंत जात असेल, पुढे वाकून बसल्याने किंचित उतार पडत असेल व असे वारंवार होत असेल, तर ते पित्त समजून स्वस्थ बसणे धोक्याचे होय. तो स्वादुपिंडाचा जुनाट दाह असू शकेल.

हे पिंड जठराच्या मागे दडलेले असते. अन्न पचविणारा रस आणि रक्तातील साखर आवरणारे इन्सुलिन, दोन्ही तेच निर्माण करते. दाह वर्षानुवर्षे चालला म्हणजे तेथे व्रण राहतात, खडे होतात. शौचास तेलकट व दुर्गंधी होते, वजन उतरते आणि पुढे मधुमेह जडतो. झालेली हानी भरून येत नाही. ती वाढू न देणे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे.

मद्य हे या रोगाचे मोठे कारण; तंबाखू त्यास हातभार लावते. दोन्ही संपूर्ण वर्ज्य करावीत. येथे 'थोडीशी' चालत नाही. पित्ताशयातील खडे व रक्तातील अतिरिक्त चरबी यांवरही वेळीच इलाज करावा. तथापि रोग्याच्या वर्तनाविषयी कुजबूज करणे अन्यायाचे होय. मद्यास कधी न शिवलेल्या तरुणांस, मुलांसही हा रोग आपल्या देशात होतो; काहींत आनुवंशिक दोष आढळतो.

पथ्याच्या नावाखाली रोग्यास उपाशी ठेवू नये. थोडे थोडे अन्न अनेक वेळा द्यावे. तूपतेल मनानेच तोडू नये, प्रमाण डॉक्टरांस विचारावे. इन्सुलिन घेणाऱ्याने त्यांच्या सल्ल्यावाचून एकादशीही करू नये. पाचक रसाच्या कॅप्सूल जेवताना घ्यावयाच्या असतात, जेवण आटोपल्यावर नव्हे. त्या बहुधा डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेल्या असतात. सोवळ्याच्या घरात यावरून मन कचरणे आम्ही समजू शकतो. पण औषध गुपचूप टाकून न देता शंका डॉक्टरांपुढे उघड मांडावी. न पचलेल्या अन्नाने देह झिजतच राहतो.

सुनेने अर्धे ताट तसेच ठेवले तर तो नखरा न समजता 'कोठे दुखते?' हे वडील माणसांनी आधी विचारावे, एवढीच आमची विनंती आहे.