औरंगाबाद ते हैदराबाद : विमानाचा सव्वा तास खरा किती?

हिमरू शालींचे नमुने दाखवायचे असोत की लाड बाजारात बांगड्यांचा माल ठरवायचा असो, आपल्या व्यापारी बांधवांचा हैदराबादशी संबंध निजामी राजवटीपासूनचा आहे. आता ‘विमानाने सव्वा तासात जाऊन येतो’ असे सहज म्हटले जाते. तिकिटाला पैसे मोजण्यापूर्वी हा सव्वा तास कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे पाहून घ्यावे असे आम्हांला वाटते.

औरंगाबादचे (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा विमानतळ आणि हैदराबादचे शमशाबाद विमानतळ यांत सरळ रेषेत सुमारे ४३५ किलोमीटर अंतर आहे. रस्त्याने हेच अंतर साडेपाचशेच्या आसपास जाते. १९०० साली सुरू झालेली जुनी रेल्वेही जालना, परभणी, नांदेड, निजामाबाद असा वळसा घेत पाचशेच्या वर जाते.

अशा मार्गांवर वापरले जाणारे पंख्यांचे एटीआर विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडते. त्रैराशिक मांडले तर प्रवास ५२ मिनिटांचा निघतो. मग सव्वा ते दीड तास का? कारण विमान कंपनीचे घड्याळ विमान जागेवरून हलल्यापासून ते दुसऱ्या ठिकाणी जागेवर थांबेपर्यंत चालते. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठताना कमी असलेला वेग, उतरण्यापूर्वी घ्यावी लागणारी फेरी, मोठ्या विमानतळावर पुढच्या विमानासाठी थांबणे, हे सारे त्यात येते. वारा समोरून असेल तर आणखी काही मिनिटे जातात. म्हणूनच एवढ्या जवळच्या अंतरावर जेट विमान असले तरी फार तर दहा-पंधरा मिनिटे वाचतात.

व्यापाऱ्याचा हिशेब मात्र घरापासून दुकानापर्यंतचा असतो. घरातून विमानतळ अर्धा तास, तेथे दीड तास आधी हजेरी, उड्डाण ८० मिनिटे, सामान मिळेपर्यंत २५ मिनिटे आणि शमशाबादहून चारमिनारपर्यंत तासभर. बेरीज पावणेपाच तास! मार्च २००८ पर्यंत विमाने शहरातल्याच बेगमपेठला उतरत. आकाशातले अंतर जवळपास तेवढेच राहिले, बाजार मात्र दूर गेला.

रात्रीच्या गाडीला याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो, पण तो झोपेत जातो आणि सकाळी माणूस बाजारात हजर असतो. विमान संध्याकाळचे असेल तर मुक्कामाचा खर्च वेगळा. तेव्हा भाड्याआधी सुटण्याची वेळ विचारावी. सकाळी जाऊन त्याच रात्री परतता येत असेल, तरच विमानाने कामाचा दिवस वाचला असे म्हणता येईल.

कारागीर बांधवांसाठी आणखी एक गोष्ट. छिन्नी, हातोडी, मोठी कात्री हातातल्या पिशवीत नेऊ देत नाहीत. ती काउंटरवर द्यायच्या सामानात बांधावी. साध्या तिकिटावर हे सामान बहुधा १५ किलो आणि हातातले ७ किलोपर्यंत चालते. वरच्या प्रत्येक किलोला वेगळा आकार पडतो, आणि बांगड्यांच्या पेट्या वजनाला हलक्या नसतात. येताना मोठा माल असेल तर तो ट्रान्सपोर्टने पाठवून आपण मोकळ्या हाताने यावे.